राबणं वेगळं, व्यायाम वेगळा



गुलमंडीवरून जाताना सुपारी हनुमानाला हात जोडल्याशिवाय आपलं पाऊल पुढे पडत नाही. मारुती ही बळाची देवता. जिथे तालीम तिथे मारुती, अशी महाराष्ट्राची जुनी रीत. पण तालमीच्या त्या लाल मातीत उतरायचे ते पुरुषच. "बाईला व्यायाम कशाला? ती दिवसभर राबतेच की!" हे वाक्य आपल्या आज्यांनी ऐकलं, आयांनी ऐकलं आणि आपणही ऐकतो. आज त्याचंच उत्तर शोधू या.

शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात व्यायामाची मोठी लाट आली. 1914 मध्ये अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि आसनं-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे प्रयोग करून तपासायला घेतलं. सातारा भागातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर आपल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. नमस्कार बायकांनीही घालावेत, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यांच्या घरातल्या स्त्रियाही ते घालत. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

तरी या चळवळीत बोलणं मुख्यतः होतं ते शरीराचं. बळकट देह, निरोगी पिढी, समर्थ देश. बाईचं मन कोमेजलं तर काय, हा प्रश्न मागेच राहिला.

तो प्रश्न पुढे डॉक्टरांनी हाती घेतला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातला एक अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशी ओलांडलेले, नैराश्याचा आजार असलेले 156 स्त्री-पुरुष त्यात होते. काहींना औषध दिलं, काहींना आठवड्यातून तीनदा गटाने व्यायाम दिला, काहींना दोन्ही. औषधाने आराम लवकर पडू लागला, पण 16 आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. 2024 मध्ये अशा 218 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. चालणं, धावणं, योग, वजनं उचलणं, नाच यांनी नैराश्य कमी होतं, असं त्यात दिसलं. सगळे अभ्यास सारखेच पक्के नव्हते, हेही त्यात सांगितलं आहे.

मग आपण राबतो त्याचं काय? धुणं-भांडी, पाणी भरणं, जिने चढणं यांत शरीर थकतं. पण मनाला जास्त आधार मिळतो तो आपल्या इच्छेने, स्वतःसाठी केलेल्या हालचालीतून, असं अभ्यासांत दिसून आलं आहे. कामात डोक्यात उरलेल्या कामांची यादी असते. फिरताना ती अर्धा तास तरी खाली ठेवता येते. राबणं हा व्यायाम नव्हे, हे आता घरात ठामपणे सांगायला हरकत नाही.

पण एक सांगते. खचलेल्या बाईला "ऊठ, जरा फिरून ये, बरं वाटेल" असं नुसतं म्हणू नका. उठायचं बळच तर हा आजार काढून घेतो. दोन आठवडे उदासी हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. चालू औषध मनाने बंद करू नये. जीव नकोसा वाटत असेल तर क्षणभरही थांबू नका. टेली मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रंदिवस चालू असतो.

आणि आपण काय करायचं? सकाळी गुलमंडीची दुकानं उघडण्याआधी रस्ते मोकळे असतात. त्या वेळी शेजारणीचं दार वाजवायचं. "चल गं, मीही येते," एवढंच म्हणायचं आणि तिच्या चालीने चालायचं. पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत गेलात तरी पुष्कळ झालं.