गोधडी मशीनखाली येते तेव्हा

वऱ्हाडातलं पांढरकवडा म्हणजे कापसाचा मुलूख. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. पुढच्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इथल्या काळ्या मातीवर खिळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, गाठीमागून गाठी मुंबईकडे निघाल्या. कापूस पिकवणाऱ्या घरांतली थंडी मात्र जुन्या लुगड्यांनीच निभावली. ज्याला परवडे तो पिंजाऱ्याकडून गादी-रजई भरून घेई. बाकीच्यांच्या अंगावर गोधडी.

ती शिवण्याची रीत बघण्यासारखी. विटलेलं नऊवारी खाली अंथरायचं, त्यावर धोतराचे आणि लुगड्यांचे तुकडे थरावर थर, वर पुन्हा एक धड लुगडं. कड दुमडायची आणि धावदोरा घालत कडेकडेने मध्याकडे यायचं. शिवणारी गोधडीवरच बसते, डाव्या तळहाताने पुढचं कापड सपाट करत सरकते. एखादी चुणी पडलीच, तर पुढच्या चार टाक्यांत ती जिरवून टाकते. ही सवड हाताच्या शिवणीत आहे, आणि शिवणमशीनची भीती नेमकी ती सवड जाण्याची आहे.

सिंगरने मशीनचं पेटंट घेतलं १८५१ मध्ये. हप्त्याने विकायची युक्ती त्याच्याच कंपनीने रुळवली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे काळं मशीन हिंदुस्थानातही खपू लागलं. इथे ते आधी शिंप्याच्या ओट्यावर बसलं, घरात फार उशिरा आलं. यंत्रांविषयी इतके सावध असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं. १९३०च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ बनू लागली आणि देशी मशीन मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात येत गेलं. सदरे, पोलकी, परकर त्यावर होऊ लागले. गोधडी तरीही बरीच वर्षं जमिनीवरच शिवली गेली.

याला कारण आहे. मशीनचे दाते खालचं कापड पुढे ओढतात. वरचा थर मशीनच्या दाबपायाखाली दबून मागे राहतो. दोन पदरांच्या सदऱ्यात ते जाणवत नाही. सहा-सात थरांच्या गोधडीत वरचं लुगडं मागे सरकत राहतं आणि शेवटी कडेला त्याची घडी साचते. त्यात वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकलेले. उसवायचं म्हटलं तर टाका टाका कापावा लागतो. पायाचा ठेका चुकून चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो, तो वेगळाच. नवशिकी बिचकते ती यामुळे, आणि तिचं बिचकणं रास्त आहे.

ही अडचण फक्त आपल्याकडची नव्हे. अमेरिकेतही हाताच्या टाक्यालाच खरी प्रतिष्ठा होती. १९८९ साली पडुका इथल्या गोधड्यांच्या राष्ट्रीय प्रदर्शनात कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर शिवलेल्या गोधडीला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तेव्हा तिथल्या जाणकारांमध्ये चांगलाच वाद पेटला.

आता पुन्हा पांढरकवड्याकडे. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी तिथे बचत गटांच्या महिलांचा मोठा मेळावा झाला, पंतप्रधान त्यासाठी आले होते. अशा गटाचं कर्ज काढून घरात मशीन आणणं ही गावोगावची ओळखीची गोष्ट. मशीन आलं म्हणजे हात बसला असं नव्हे. त्यासाठी शिवणक्लासातला जुना धडाच उपयोगी: सुईत दोरा न ओवता वहीच्या रेघी कागदावर मशीन चालवायचं, भोकं रेघेवर पडेपर्यंत. मग कापड. गोधडीसाठी आधी सगळ्या थरांना वितीवितीवर कच्चा दोरा घालायचा. सुई अठरा नंबरची, टाका लांब, दाबपायाचा दाब थोडा सैल. बदलायचा तो क्रम: हाताने कडेकडून आत येत होतो, मशीनवर मध्यापासून बाहेर जायचं, म्हणजे सरकलेलं कापड कडेला मोकळं होतं. उजवीकडचा भाग घट्ट गुंडाळून मशीनच्या पोटात घालायचा, डावीकडचा पाटावर नाहीतर खुर्चीवर टेकवायचा. लोंबत्या वजनाने सुई वाकते. आणि सुरुवात बाळाच्या दुपट्यापासून करायची, तीन पातळ थरांच्या. नऊवारीच्या मापाची गोधडी त्यानंतर.