फटफटीचा स्वार आणि सीमेची रेघ

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपल्याकडे म्हणतात. पण ती बदलते त्या ठिकाणी जमिनीवर रेघ ओढलेली नसते. रेघ ओढतात राज्यकर्ते, तीही बहुधा दूरच्या शहरात, मेजावर नकाशा पसरून. दुभाषी मुलखात राहणाऱ्या आपल्याला हे निराळे शिकवावे लागत नाही. युरोपात मात्र ही गोष्ट कोणाला जवळून कळली असेल, तर ती एकट्याने मोटारसायकलवरून देश ओलांडणाऱ्या मुशाफिरांना, असे मला इतिहास शिकवता शिकवता वाटू लागले आहे.

आगगाडीचा उतारू डब्यात झोपतो आणि सकाळी दुसऱ्या देशात जागा होतो. मोटारीतल्या चौघांना बोलायला आपली माणसे असतात. एकट्या स्वाराचे तसे नाही. पेट्रोल, पाव, पंक्चर, रात्रीचा आसरा, पुढची वाट, सारे त्याला परक्याच्या दारात उभे राहून, जमेल तसे त्याच्या भाषेत मागावे लागते. त्यामुळे मुलूख कुठे बदलला हे त्याला नकाशाआधी कानांनी कळते.

यातला आद्य पुरुष म्हणजे कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी हा अमेरिकन तरुण. १९१२ च्या ऑक्टोबरात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, चार सिलिंडरची हेंडरसन घेऊन तो डब्लिनहून निघाला. वॉल्टर स्टोरी हा जोडीदार पॅरिसपर्यंत होता. पुढे क्लॅन्सी एकटाच. ऐन थंडीत स्पेन ओलांडून तो अल्जीरिया व ट्युनिसियात गेला. तिथून जहाजाने पूर्वेकडे जाऊन सिलोन, चीन, जपान करीत १९१३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला पोहोचला. मजल झाली सुमारे १८,००० मैलांची, म्हणजे जवळजवळ २९,००० किलोमीटरांची. मोटारसायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

क्लॅन्सीच्या काळी पश्चिम युरोपात साध्या प्रवाशाला पासपोर्ट सहसा लागत नसे. अडवणूक व्हायची ती गाडीची. स्वार ती परदेशात विकून जकात बुडवील, ही सरकारची धास्ती. म्हणून नाक्यावर अनामत भरायची, नाहीतर प्रवासी क्लबाकडून तीन भागांचा परवाना घ्यायचा. त्याचा एक भाग आत शिरताना नाकेदार ठेवून घेई, दुसरा बाहेर पडताना, आणि तिसरा मालकाजवळ पुरावा म्हणून राही. १९०९ च्या पॅरिस कराराने वाहनांसाठी आंतरराष्ट्रीय परवाना आणि देशाची अक्षरे लिहिलेली लंबगोल पाटीही आली होती. थोडक्यात, माणसाला कोणी विचारत नसे, यंत्राला विचारत.

क्लॅन्सी घरी पोहोचला आणि वर्षभरात महायुद्ध पेटले. हेरांच्या भीतीने जो तो देश माणसाचीही कागदपत्रे मागू लागला. युद्ध संपले, पासपोर्ट मात्र राहिला. १९२० साली पॅरिसला परिषद भरून त्याच्या पुस्तिकेचा नमुनाही ठरला.

आता एका घाटाकडे वळू. चोर्ला किंवा आंबोली चढलेल्यांना वळण म्हणजे काय ते सांगायला नको. पण आल्प्समधील स्टेल्व्हिओ घाटाला एकाच बाजूने ४८ वळणे आहेत आणि माथा २,७५७ मीटरांवर आहे. युरोपभरचे मोटारसायकलस्वार उन्हाळ्यात तिथे गर्दी करतात. हा रस्ता १८२० ते १८२५ या काळात कार्लो दोनेगानी या अभियंत्याने बांधला, तो ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी. तेव्हा घाटाच्या दोन्ही बाजू त्याच्याच होत्या. १८५९ साली लोम्बार्दी त्याच्या हातून गेली आणि माथ्यावर सरहद्द आली. १९१५ ते १९१८ त्याच बर्फात सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते. युद्धानंतर पलीकडचे दक्षिण टिरोल इटलीला मिळाले आणि माथ्यावरची रेघ पुसली गेली. शंभर वर्षांत त्या दगडांनी तीन व्यवस्था पाहिल्या. खेडी होती तिथेच राहिली.

खेड्यांची भाषा जर्मन होती. मुसोलिनीच्या राजवटीने १९२३ पासून शाळांतून ती हद्दपार केली आणि गावांची नावे बदलली. तेव्हा लोकांनी शेतघरांतून, माळ्यांवरून चोरून वर्ग चालवले. रोमच्या प्राचीन भुयारांवरून त्यांना ‘कॅटाकोम्ब शाळा’ म्हणत. अँगेला निकोलेट्टी या तरुण शिक्षिकेला अशा शिकवण्याबद्दल तुरुंगात जावे लागले; १९३० साली पंचविसाव्या वर्षी ती वारली. मी जन्मभर फळ्यापुढे उभा राहिलेला माणूस. त्या घाटाची वळणे मोजताना मला तिची आठवण होते. अखेर १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने दोन्ही भाषांना बळ मिळाले. आज तिथल्या रस्त्यावरील पाट्या दोन भाषांत आहेत.

स्टेल्व्हिओच्या माथ्याजवळच २,८४३ मीटर उंचीचे एक शिखर आहे. त्याचे नावच ‘तीन भाषांचे शिखर’. इटालियन, जर्मन आणि स्वित्झर्लंडातील रोमान्श यांचे मुलूख तिथे भेटतात. उम्ब्राइल खिंडीतून उतरणारा स्वार एका दिवसात तिन्ही भाषा ऐकू शकतो.

१४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन गावी पाच देशांनी सही केली आणि १९९५ पासून नाके उठू लागले. १९९८ च्या एप्रिलमध्ये इटली आणि ऑस्ट्रिया यांच्यामधल्या ब्रेनर खिंडीतला अडसर निघाला. २००८ साली स्वित्झर्लंडही सामील झाले. म्हणजे क्लॅन्सीला मिळाली होती तेवढी मोकळीक परत यायला युरोपला जवळजवळ पंच्याऐंशी वर्षे लागली. तीही कायमची ठरली नाही. २०१५ साली निर्वासितांच्या प्रश्नावरून काही देशांनी तपासणी पुन्हा सुरू केली आणि २०२० च्या साथीत रेघा पुन्हा उमटल्या.

सन १९५६ मध्ये आपला भागही एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला. गाव जागचे हलले नाही. म्हणून हा दूरचा इतिहास मला परका वाटत नाही. आपली मुले हल्ली मोटारसायकली काढून लडाखपर्यंत जातात. जरूर जावे. मात्र निघण्यापूर्वी आपल्याच तालुक्यातील पाट्या दोन्ही लिप्यांत वाचता येऊ द्याव्यात, आणि शेजारच्या गावात त्या गावाच्या भाषेत पाणी मागता यावे. एकट्या स्वाराला पंक्चरच्या पानाइतकीच या शिदोरीची गरज पडते.