चार शब्दांची दुरुस्ती आणि दुसरी सही

मी आदिलाबादला बँकेत लागलो तेव्हा सगळी खाती हातानं लिहिली जायची. कापसाचा हंगाम आला की व्हाउचरचे गठ्ठे टेबलावर मावायचे नाहीत. क्लार्कनं नोंद करायची, अधिकाऱ्यानं ती व्हाउचरशी ताडून शेजारी सही करायची. रकमा सहसा जुळायच्या, घोळ असायचा नावांचा. आमच्याकडे एकाच माणसाचं नाव मराठीत एक, तेलुगूत दुसरं आणि जुन्या उर्दू कागदावर तिसरंच. एक वेलांटी बदलायचा अर्ज मोठ्या कर्जापेक्षा जास्त वेळ खायचा, कारण माणूस तोच आहे ना, हे बघावं लागे.

ही दुसरी सही मला पुन्हा भेटली ती नातीमुळे, कंप्युटरवाल्यांच्या दुनियेत. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा आतला मजकूर सगळ्यांना उघडा असतो असं सॉफ्टवेअर. सोबत ते कसं वापरायचं याची माहितीपानं असतात. त्यातली चूक कोणीही सुधारून पाठवावी, पण सांभाळणाऱ्यानं तपासल्याशिवाय ती आत जात नाही. 1991 साली लायनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्समध्ये तर 2004 पासून प्रत्येक बदलाखाली पाठवणाऱ्याच्या नावाची ओळ लागते, पुढे नेणारा आपलंही नाव जोडतो. बदल एका स्वल्पविरामाचा असला तरी! आमचा इन्स्पेक्शनवाला साहेब खूश झाला असता.

पण 2020 च्या ऑक्टोबरात या व्यवस्थेचे हाल झाले. डिजिटलओशन ही अमेरिकन कंपनी 2014 पासून दर ऑक्टोबरात ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवते. महिन्यात चार दुरुस्त्या पाठवा, टी-शर्ट मिळवा. हेतू चांगलाच होता. त्या वर्षी आपल्याकडच्या एका लोकप्रिय यूट्यूब चॅनेलवर दुरुस्ती पाठवायची कशी, हे माहितीपानात किरकोळ शब्द घालून दाखवलं गेलं. झालं! पोरांनी जगभरच्या प्रकल्पांत ‘छान प्रकल्प’ असले शब्द घालून ढीग लावला. सांभाळणारे बहुतेक बिनपगारी, ते वैतागले. दोन-तीन दिवसांत नियम बदलला : ज्या प्रकल्पाची तयारी असेल तिथलीच दुरुस्ती मोजायची. टी-शर्टही 2023 मध्ये बंद झाला.

बक्षीस वाईट असं मी म्हणणार नाही. डोनाल्ड कनूथ या प्राध्यापकांनी आपल्या पुस्तकांतली चूक दाखवणाऱ्याला 2.56 डॉलरचा चेक देण्याची प्रथा पाडली, कारण सोळाच्या पटीत मोजणाऱ्यांचा एक डॉलर 256 सेंटचा! लोक ते चेक वटवत नसत, फ्रेम करून ठेवत. बँक खात्यांतल्या फसवणुकीमुळे 2008 मध्ये त्यांनी खरे चेक थांबवले आणि एका काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रं सुरू केली. फरक इतकाच, की तिथे पैसे चूक सापडल्यावर मिळत, नुसतं पाठवल्यावर नाही.

त्या गदारोळात आमच्या नातीची खरी दुरुस्तीही कुणीतरी न बघता बंद केली. पानावरची आज्ञा जुनी होती, तशीच टाइप केली तर काम अडायचं. “आजोबा, वाचलंच नाही हो त्यांनी,” म्हणाली. मी म्हटलं, “कारण लिहिलंस का? व्हाउचरशिवाय सही कोण करेल?”

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका प्रकल्पात तिनं चार शब्द बदलले आणि का बदलले ते खाली दोन ओळींत लिहिलं. तपासणाऱ्यानं एकच विचारलं, कोणत्या आवृत्तीवर करून पाहिलं? तिनं सांगितलं. त्यानं स्वतः करून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी दुरुस्ती घेतली.