मेंदूची मोरी कोण धुतं?

रात्री सगळं आवरून आपण मोरी धुतो, मगच अंथरुणाला पाठ टेकतो. मेंदूचंही खरकटं निघतं. ते जातं कुठून, हे शोधायला 200 वर्षांहून जास्त काळ लागला. आज तीच गोष्ट.

अंगातला मळ वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांना लसिकावाहिन्या म्हणतात. इटलीच्या पाओलो मास्कान्यी यांनी 1787 साली त्यांच्यावर मोठं पुस्तक छापलं. मेंदूच्या आवरणातही त्या आहेत, असं ते म्हणाले. ते कुणी फारसं मानलं नाही. 2015 साली अमेरिकेत व्हर्जिनियाला उंदरांच्या मेंदूच्या आवरणात त्या सापडल्या.

त्याआधी 2012 साली अमेरिकेतच रॉचेस्टरला माइकेन नेडरगार्ड या बाईंच्या गटानं दाखवलं, की मेंदूभोवतीचं पाणी रक्तवाहिन्यांच्या कडेनं आत शिरतं आणि मळ घेऊन बाहेर पडतं. 2013 साली त्यांनी झोपलेले उंदीर तपासले. झोपेत मेंदूच्या पेशींमधली जागा सुमारे 60 टक्के वाढली आणि विसराळूपणाच्या आजारात साचणारा मळ दुप्पट वेगानं निघाला. 2014 साली डोक्याला मार बसलेले उंदीर पाहिले. त्यांची ही सफाई सुमारे 60 टक्के मंदावली होती, आणि निदान महिनाभर तशीच राहिली.

हे सगळं उंदरांवरचं. 2024 साली लंडनच्या संशोधकांना तर झोपेत सफाई कमी झालेली दिसली. म्हणजे वाद मिटलेला नाही. पण झोप मोडली की दुसऱ्या दिवशी हिशेब चुकतो, हे आपल्याला ठाऊकच आहे.

डोक्याच्या माराचं मात्र जुनं आहे. ठोसे खाऊन मुष्टियोद्ध्यांची चाल आणि बुद्धी कशी बिघडते, हे अमेरिकेतले डॉक्टर मार्टलँड यांनी 1928 सालीच लिहिलं. त्यांचा मार सगळ्यांना दिसत होता. आपल्यातली एखादी मात्र "पायरीवरून पडले" म्हणते आणि तशीच चुलीपुढे बसते.

मैत्रिणींनो, मार कसाही लागो, लपवू नका. उलटी झाली, बोलणं अडखळलं, शुद्ध हरपली, झोपेतून नीट जाग येईना, तर लगेच 108 ला फोन करा. मारणारा घरातला असेल, तर 181 आहे. आणि सून सकाळी उशिरा उठली, तर नाव ठेवण्याआधी एवढंच विचारू या: रात्री ती झोपली किती वाजता?