ग्रंथालयांतील कृत्रिम बुद्धिमत्तेचा जबाबदार वापर

पुस्तकांची तालिका करणे, छापील मजकूर संगणकात शोधता येईल असा करणे, वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणे अशा ग्रंथालयीन कामांत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरताना नोंदींची अचूकता, वाचकाची खासगी माहिती आणि लेखकाचे हक्क सांभाळण्याची रीत. ‘इफ्ला’ या आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाने याविषयीचे निवेदन २०२० मध्ये प्रसिद्ध केले. चॅटजीपीटी लोकांसमोर आले ते नोव्हेंबर २०२२ मध्ये. चॅटबॉटची लाट येण्याआधीच ग्रंथपालांना हा प्रश्न पडला होता, आणि तो मुख्यतः तालिकाकाराच्या टेबलावर पडला होता.

पुस्तक कशाविषयी आहे हे ठरवून त्याला प्रमाणित यादीतील विषयशीर्षके देणे हे तालिकेतले सर्वांत वेळखाऊ काम. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यासाठी २०१७ पासून ‘अ‍ॅनिफ’ ही मुक्तस्रोत प्रणाली घडवली आणि २०२० मध्ये तिच्यावर आधारलेली ‘फिंटो एआय’ ही सेवा खुली केली. ग्रंथपालांनी आजवर हाताने केलेल्या नोंदींवरून ही प्रणाली शिकते, नव्या मजकुरासाठी शीर्षके सुचवते आणि प्रत्येक सुचवणीला गुण देते. सुचवणी स्वीकारायची की खोडायची, हे ग्रंथपालाला ठरवता येते. जर्मन राष्ट्रीय ग्रंथालय याच वाटेने पुढे गेले. ऑनलाइन प्रकाशनांचे हाताने विषयांकन करणे तेथे २०१० पासूनच थांबले होते. २०१७ मध्ये काही छापील प्रकाशनेही यंत्राकडे सोपवायचे ठरले, तेव्हा जर्मन ग्रंथपालांत जाहीर वाद झडला. हा वाद केवळ नोकऱ्यांच्या भीतीचा म्हणून उडवून लावणे योग्य नाही. चुकीच्या शीर्षकाखाली गेलेले पुस्तक कपाटात असूनही वाचकाच्या दृष्टीने हरवलेलेच असते.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२२ पासून सुमारे २३ हजार ई-पुस्तकांवर निरनिराळ्या प्रणाली ताडून पाहिल्या. ग्रंथनाम, लेखक यांसारखे तपशील यंत्राने बऱ्यापैकी उचलले, विषयशीर्षकांत मात्र ते मागे पडले. यात नवल नाही. ग्रंथनाम मुखपृष्ठावर छापलेले असते. विषय पुस्तक चाळून ठरवावा लागतो.

यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते, त्यामुळे जुन्या नोंदींतले पूर्वग्रहही उचलते. ड्युई दशांश वर्गीकरणात धर्म या वर्गाचा मोठा भाग ख्रिस्ती धर्माने व्यापलेला आहे आणि हिंदू धर्माला २९४.५ या क्रमांकाखाली जागा मिळाली आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने स्थलांतरितांसाठीचे ‘बेकायदा परके’ अशा अर्थाचे शीर्षक बदलण्याचा निर्णय २०२१ मध्ये घेतला. त्याआधी अनेक वर्षे त्या शीर्षकाविरुद्ध मोहीम चालली होती. या बदलापूर्वीच्या नोंदींवर शिकलेले यंत्र जुनेच शीर्षक सुचवत राहील, आणि तक्रार करायला समोर तालिकाकारही नसेल.

चॅटजीपीटीसारख्या, भाषेवर चालणाऱ्या प्रारूपांनी आणखी एक अडचण उभी केली आहे. मे २०२५ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ या अमेरिकी दैनिकाच्या पुरवणीत उन्हाळी वाचनासाठी अशा प्रारूपाकडून करवून घेतलेली १५ पुस्तकांची यादी आली. त्यांतली १० पुस्तके अस्तित्वातच नव्हती, मात्र त्यांवर नावे होती इसाबेल अलेंदे यांच्यासारख्या खऱ्या लेखकांची. प्रारूप पुढचा संभाव्य शब्द जुळवत जाते. असे पुस्तक खरोखर आहे की नाही, हे ते स्वतःहून कोणत्याही तालिकेत पाहत नाही. म्हणून संदर्भसेवेत चॅटबॉट ठेवायचाच असेल, तर त्याचे उत्तर ग्रंथालयाच्या तालिकेला जोडलेले असावे आणि तालिकेत न सापडणारे पुस्तक त्याने सुचवू नये. एवढी व्यवस्था जमत नसेल, तर चॅटबॉट नसलेलाच बरा.

मराठीपुरते पाहता यंत्राचा खरा उपयोग जुन्या मजकुराच्या वाचनात आहे. टेसरॅक्ट ही मुक्तस्रोत अक्षरवाचन प्रणाली मराठीही वाचते. स्वच्छ छपाईवर ती चांगली चालते. शिळाप्रेसची पाने, झिजलेले खिळे आणि दाटीची जोडाक्षरे आली की अडखळते. त्यात १९६२ पूर्वीच्या लेखनातले अनुच्चारित अनुस्वार आहेत. आजच्या मराठीवर शिकलेली प्रणाली ते चूक समजून गाळू शकते. पाठ सुधारल्याचा भास होतो आणि मूळ दस्तऐवज बिघडतो. म्हणून यंत्राने वाचलेल्या पाठाशेजारी मूळ पानाचे चित्र ठेवणे हा नियम मानावा. लेखकनामांचाही असाच घोळ होतो. गोविंदाग्रज आणि बाळकराम हे दोघेही राम गणेश गडकरी, हे यंत्राला सांगणारी प्रमाणनोंद नसेल, तर एका लेखकाचे तीन होतात.

वाचकाने काय वाचले, ही त्याची खासगी बाब आहे. पुस्तके सुचवणाऱ्या प्रणालीला देवघेवीचा इतिहास लागतो आणि तो बाहेरच्या कंपनीच्या संगणकावर गेला, तर ग्रंथालयाचा ताबा सुटतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. बालविभाग चालवणाऱ्यांनी ती वाचून ठेवावी. प्रताधिकाराचा प्रश्न नॉर्वेत थेट तपासला गेला. तेथील शासनाच्या सांगण्यावरून राष्ट्रीय ग्रंथालयाने केलेल्या अभ्यासात, प्रताधिकार असलेल्या मजकुरामुळे भाषा-प्रारूपे सुधारतात, असे आढळले. लेखकांना मोबदला मागायला यामुळे आधार मिळाला.

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेल्या सार्वजनिक ग्रंथालयांत खेड्यांतली लहान वाचनालये पुष्कळ आहेत. एकाच ग्रंथपालाच्या भरवशावर चालणाऱ्या अशा वाचनालयात कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा दूरची वाटते. तेथे आधी दाखलनोंदवही संगणकावर यायला हवी. अ‍ॅनिफ कोणालाही विनामूल्य वापरता येते आणि ती एका भाषेला बांधलेली नाही. तिला मराठी शिकवायची, तर विषयशीर्षकांची प्रमाणित यादी आणि त्या यादीनुसार हाताने केलेल्या हजारो बिनचूक नोंदी लागतात. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची संगणकाशिवाय सिद्ध केली होती. तसल्या नोंदींचे काम आजही ग्रंथपालांनाच करावे लागेल.