जनरल रजिस्टर आणि रद्दी

काही दिवसांपूर्वी बंगळूरच्या आमच्या कार्यालयात सेवापुस्तकांची पडताळणी चालू होती. कन्नडभाषक लेखा अधिकाऱ्याने माझे पुस्तक उघडून पहिल्या पानावरच बोट ठेवले आणि हसून विचारले, "सर, तुमच्या महाराष्ट्रातली इतकी माणसे एक जूनलाच कशी काय जन्मतात?" प्रश्न रास्त होता. माझीही जन्मतारीख १ जूनच आहे. मूलभूत नियम ५६ नुसार महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला केंद्रीय कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणजे मी ३१ मे रोजी दुपारी निवृत्त होईन. माझा जन्म प्रत्यक्षात श्रावणातला, नागपंचमीनंतरचा, असे आई सांगत असे. पण शाळेत नाव घालताना तिला इंग्रजी तारीख सांगता आली नाही. जूनमध्ये शाळा उघडत असल्याने वय पुरे भरावे, या हिशेबाने गुरुजींनी सरळ १ जून मांडली. ती नोंद पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरली, तेथून परीक्षा मंडळाच्या प्रमाणपत्रावर आणि शेवटी सेवापुस्तकात. सेवेत रुजू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत हरकत घेतली नाही, तर ती बदलताही येत नाही. कृष्णाकाठच्या एका लहान गावातील शिक्षकाने क्षणभरात लिहिलेल्या एका ओळीने केंद्र सरकारच्या एका अधिकाऱ्याची निवृत्ती ठरवली.

त्या संध्याकाळपासून मनात एक विचार घोळतो आहे. शाळेचे जनरल रजिस्टर आपले प्रशासन जिवापाड जपते. मग त्याच शाळेचे बाकीचे जीवन कोण जपतो?

शाळेच्या कागदपत्रांचा उगम ज्ञानात कमी आणि हिशेबात अधिक आहे, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज पटावे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले. अनुदान म्हटले की तपासणी आली आणि तपासणी म्हटली की पट, हजेरी व शेरेबुक आले. सरकारचा पैसा योग्य डोक्यांवर खर्च होतो की नाही, हे पाहण्यासाठी डोकी मोजणे भाग होते. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला, तेव्हाही प्रश्न हाच होता. कोणती मुले शाळेत यायला हवीत हे ठाऊक नसेल, तर सक्ती करायची कोणावर? अशा रीतीने गावोगावच्या शाळांत गावाची एक वंशावळच तयार होत गेली. ज्या गावात ग्रंथालय नाही, वृत्तपत्र नाही, कुणा घराण्याचे दप्तर नाही, तेथे शाळेचे कपाट हेच एकमेव अभिलेखागार असते.

या नोंदींचे मोल लिहिणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण साताऱ्याचे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातील सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरातील क्रमांक १९१४. लिहिणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने ती इतरांसारखीच एक नोंद होती. हाच मुलगा पुढे देशाच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष होणार आहे, हे त्याला कळण्याचा संभवच नव्हता. तरीही ते रजिस्टर टिकले, ते आजही त्या शाळेत आहे आणि २०१७ पासून महाराष्ट्र शासन ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळते. ते टिकले ते थोर माणसाची नोंद म्हणून नव्हे. जनरल रजिस्टर फेकायचे नसते, एवढा एक रुक्ष नियम असल्यामुळे ते टिकले. प्रशासनाच्या रुक्षपणाबद्दल आपण बरेच ऐकतो. त्याच्या बाजूने सांगण्यासारखी ही एक गोष्ट आहे.

मात्र त्या रजिस्टरातून मुलाचे नाव, वर्ग आणि तारीख यांपलीकडे फारसे हाती लागत नाही. तो वर्गात काय बोलला, काय लिहिले, कोणाशेजारी बसला किंवा त्याला बसू दिले गेले नाही, हे त्यात नसते. त्यासाठी दुसऱ्या प्रकारचा कागद लागतो, आणि नेमका तोच आपण टिकवत नाही.

येथे मुक्ता साळवे यांची आठवण होते. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. आज मराठीतील दलित आणि स्त्री लेखनाचा इतिहास त्या निबंधापाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही. मुळात ते एका शाळकरी मुलीचे लेखन होते. ते छापले गेले नसते, तर आपल्या हाती काय उरले असते? ज्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली, त्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. स्मारकासाठी २०२३ च्या अखेरीस मोडकळीस आलेली ती वास्तू पाडावी लागली. भिंती टिकल्या नाहीत, निबंध टिकला.

त्याच १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. निबंध वाचणे व चर्चा करणे यांपासून सुरुवात करून या तरुणांनी वर्षभरात मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीस तेथे स्वतःच शिकवले. तिच्या मराठी शाखेतून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघाले. विद्यार्थ्यांचा हा 'अभ्यासेतर' उद्योग आपल्याला आज तपशिलाने सांगता येतो, कारण त्यांनी आपल्या कामाचे वृत्तांत छापून ठेवले. मोठ्या शहराला छापखाना असतो. लहान गावाला तो नसतो, तेथे असते ते हस्तलिखित.

बंगळूरच्या बसवनगुडीत फिरावयास गेलो की नॅशनल कॉलेज वाटेत लागते. येथील नॅशनल हायस्कूल १९१७ चे. १९३६ मध्ये गांधीजी तेथे आले असता त्यांच्या हिंदी भाषणाचे कन्नड करून सांगण्याचे काम खेड्यातून शिकायला आलेल्या एच. नरसिंहय्या नावाच्या विद्यार्थ्याकडे आले. हाच विद्यार्थी पुढे त्या संस्थेत प्राध्यापक व प्राचार्य झाला, बंगळूर विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९६२ मध्ये त्याने बंगलोर सायन्स फोरम सुरू केला. वसतिगृहातील साध्या खोलीत आयुष्य काढून ते २००५ मध्ये निवर्तले. तो प्रसंग आज सांगितला जातो, कारण तो विद्यार्थी मोठा झाला. पण मोठे न झालेल्या विद्यार्थ्यांनी केलेल्या भाषणांचे काय?

येथे मला माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. सेवेच्या आरंभीच्या काळात माझी नेमणूक एका आडगावच्या सरकारी वसाहतीत होती. प्रकल्प संपला होता, कुटुंबे पांगत होती आणि वसाहतीची शाळा बंद होत होती. नष्ट करावयाच्या कागदांची यादी माझ्यापुढे आली. जनरल रजिस्टरे आणि दाखल्यांच्या स्थळप्रती नियमाप्रमाणे वेगळ्या काढल्या होत्या. खाली एक ओळ होती : 'स्नेहसंमेलन, हस्तलिखिते, सहलींचे वृत्तांत, एकूण दोन गठ्ठे.' मी सही केली. नियमाने ती बरोबरच होती.

चार-पाच वर्षांनी एक बाई कार्यालयात आल्या. त्यांचा भाऊ त्या शाळेत असताना वारला होता. त्याने एका हस्तलिखिताचे मुखपृष्ठ रंगवले होते, ते मिळेल का, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी त्यांना भावाच्या नावाची रजिस्टरातील नोंद दाखवली. त्यांनी ती वाचली, "साहेब, हे आमच्याकडेही आहे," म्हणाल्या आणि नमस्कार करून गेल्या. त्यांनी तक्रार केली नाही. केली असती, तर मला नियम तरी दाखवता आला असता.

दोष नियमात होता की माझ्यात, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. महाराष्ट्रातील कार्यालयांत अभिलेखांचे वर्गीकरण अ, ब, क, क-१ आणि ड असे होते. 'अ' कायमचे, 'ब' तीस वर्षांचे, 'क' दहा वर्षांचे, 'क-१' पाच वर्षांचे आणि 'ड' एक वर्षाचे. केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ नुसार १८९२ पूर्वीचा कागद, तो पार जीर्ण झाला नसेल तर, नष्ट करता येत नाही. महाराष्ट्रानेही २००५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. व्यवस्था वाईट नाही. पण वर्गवारीमागचा प्रश्न नेहमी एकच असतो : या कागदाच्या आधारे कोणी हक्क सांगू शकेल काय? जन्मतारीख, जात, सेवा, जमीन यांना उत्तर 'होय' येते. मुलाने रंगवलेल्या मुखपृष्ठावर कोणाचाच हक्क नसतो, म्हणून त्याचे जतनही कोणाचे कर्तव्य नसते. अर्थशास्त्रात ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात, तिची गत अशीच होते. लाभ सर्वांचा असतो, पण खर्च उचलायला पुढे कोणीच येत नाही.

प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रात कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव चर्चेत आला, तेव्हा वीसहून कमी पटाच्या सुमारे पंधरा हजार शाळा असल्याचे आकडे प्रसिद्ध झाले होते. त्या धोरणाच्या योग्यायोग्यतेविषयी मतभेद आहेत, त्यात मी शिरत नाही. पण शाळा बंद झाली की तिचे कपाट कोठे जाते, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या लोकांनी विचारायला हवा. त्याच वर्षी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरे धूळ झटकून बाहेर काढली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. गरज पडली की शासनाला शाळेचे कपाट आठवते, हा त्याचा अर्थ. गरज पडेपर्यंत ते सांभाळायचे कोणी, हे मात्र ठरलेले नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. शाळा बंद अथवा विलीन होताना मालमत्तेची यादी होते, तशीच दप्तराची यादी व्हावी. तीत हस्तलिखिते, शेरेबुके, संमेलनांच्या पत्रिका आणि छायाचित्रे स्पष्टपणे नोंदवावीत. नष्ट करण्यापूर्वी ती यादी गावात तीस दिवस लावावी. ज्याला हवे त्याने जबाबदारी घेऊन न्यावे, उरलेले तालुक्याच्या ग्रंथालयाने ठेवावे. आणि आठवी-नववीच्या मुलांना वर्षातून एक उपक्रम एवढाच द्यावा : आपल्या शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्याशी बोला, त्याने सांगितलेले लिहून काढा, खाली तारीख घाला आणि कपाटात ठेवा. इतिहास जपण्याचे काम विद्यार्थ्यांनीच केले, तर तो उपक्रमही होतो आणि अभिलेखही.

असो. लेखा अधिकाऱ्याला मी एक जूनचे रहस्य सांगितले. तो म्हणाला, "मग सर, तुमची खरी तारीख कोणती?" ती सांगणारी आई आता नाही आणि गुरुजीही नाहीत. माझ्या पहिल्या दिवसाविषयी शाळेकडे एक चुकीची तारीख आहे. ती मात्र त्यांनी पन्नास वर्षे नीट जपली आहे.