धुक्यातला डोंगर आणि परत फिरण्याचा प्रश्न

आजचा विषय कळल्यावर काही जणांनी विचारलं, की स्कीइंग हा तर खेळ, त्याचा इतिहासाशी काय संबंध? म्हणून आधी एक छोटा अनुभव सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौघे मित्र गुलमर्गला गेलो होतो. दोघांकडे स्की, दोघांकडे स्नोबोर्ड. गोंडोलातून अफरवटच्या खांद्यावर उतरलो तेव्हा छान ऊन होतं. आखलेली वाट सोडून आम्ही बाजूच्या मोकळ्या उताराकडे आडवे निघालो आणि पंधरा-वीस मिनिटांत खालून ढग चढला. पायाखालचा बर्फ आणि समोरचं आकाश एकाच रंगाचं झालं. सावली नाही, क्षितिज नाही. आपण उभे आहोत की घसरतोय, हेही कळेना. सह्याद्रीतलं पावसाळी धुकं आपल्याला माहीत आहे, पण तिथे निदान पायाजवळचा दगड, गवत दिसतं. इथे तेवढाही आधार नव्हता.

चौघांच्याही मनात एकच होतं, परत फिरावं. पण बोलेना कुणीच. प्रत्येकाला वाटत होतं, बाकीच्या तिघांना पुढे जायचंय. शेवटी आमच्यातला सगळ्यात नवखा म्हणाला, "मला भीती वाटतेय." आणि आम्ही तिघांनी सुटकेचा श्वास सोडला. आलो त्याच खुणा धरून हळूहळू गोंडोलाच्या स्थानकाकडे परतलो.

एवढंसं वाक्य बोलायला आम्हाला इतका वेळ का लागला? आज या खेळाच्या इतिहासात याचं उत्तर शोधायचं आहे. लिफ्ट नाही, आखलेली वाट नाही, स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा आणि बर्फावरून उतरायचं, याला हल्ली बॅककंट्री स्कीइंग म्हणतात. नाव नवं असलं, तरी मुळात स्कीइंग असंच होतं. लिफ्ट फार नंतर आली.

नॉर्वेत स्की हे हजारो वर्षं प्रवासाचं साधन होतं. १८८८ साली फ्रिट्योफ नान्सेन पाच सोबत्यांना घेऊन स्कीवरून ग्रीनलंड ओलांडून गेला. त्यावरचं त्याचं पुस्तक गाजलं आणि मध्य युरोपात स्कीची हौस पसरली. स्वित्झर्लंडमधल्या दावोस गावात ब्रांगर नावाचे दोन भाऊ होते. लोक हसतात म्हणून ते अंधार पडल्यावर स्कीचा सराव करायचे! १८९३ साली ते एक खिंड ओलांडून शेजारच्या आरोसा गावी पोहोचले. पुढच्या वर्षी, मार्च १८९४मध्ये, त्यांनी एका पाहुण्याला बरोबर घेतलं. पाहुणा कोण, तर आर्थर कॉनन डॉयल. बायकोला क्षय झाल्यामुळे तो दावोसला राहत होता. शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलून त्याला जेमतेम तीन-चार महिने झाले होते.

आता गंमत बघा. एका तीव्र उतारावर ब्रांगर बंधूंनी स्की एकत्र बांधून त्यांची घसरगाडी केली. डॉयलच्या स्की मात्र त्याला सोडून पुढे निघून गेल्या आणि साहेब विजारीवरून घसरत खाली आले. हा सगळा किस्सा त्याने स्वतःच त्या वर्षीच्या डिसेंबरात 'स्ट्रँड' मासिकात लिहिला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं काय? त्या तिघांत कुणाचं ऐकायचं, याबद्दल शंका नव्हती. दोघांना डोंगर माहीत होता, तिसरा पाहुणा होता. पुढची कित्येक वर्षं आल्प्समध्ये साधारण हीच रीत राहिली. वाटाड्या म्हणेल ते खरं.

पण निर्णय एकाच्या हातात असला म्हणजे तो बरोबरच असतो, असं नाही. १३ डिसेंबर १९१६ रोजी, पहिल्या महायुद्धात, मार्मोलाडा डोंगरावरच्या ऑस्ट्रियन सैन्याच्या बराकींवर हिमकडा कोसळला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. तिथल्या तळप्रमुखाने धोका ओळखला होता. तळ हलवण्याची परवानगीही मागितली होती. वरिष्ठांनी ती नाकारली. म्हणजे एकाने तोंड उघडलं, पण ज्याच्या हातात निर्णय होता त्याने ऐकलं नाही.

मग विज्ञान आलं, आणि तेही दावोसलाच. १९३६ साली गावाच्या वर, वाइसफ्लुयोख इथल्या एका लाकडी खोपटात बर्फाचा अभ्यास सुरू झाला. १९४२मध्ये तिथे रीतसर संस्था उभी राहिली. बर्फाचे थर कसे बसतात, मधला एखादा थर साखरेसारखा भुसभुशीत कसा होतो आणि वरचा अख्खा थर एका माणसाच्या वजनाने कसा सुटतो, हे हळूहळू कळत गेलं. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. दुर्दैवाने स्की आणि स्नोबोर्डवाल्यांना तेच उतार आवडतात. १९९३ साली युरोपातल्या देशांनी धोक्याची पाच पायऱ्यांची एकच मोजपट्टी स्वीकारली. आज ती रोजच्या अंदाजात वाचायला मिळते.

याच काळात उपकरणंही सुधारली. १९६८मध्ये अमेरिकेत जॉन लॉटन यांनी खिशात मावणारं, संदेश पाठवणारं यंत्र तयार केलं. गाडलेल्या माणसाचं यंत्र संदेश सोडतं आणि वरच्यांच्या यंत्रांना तो मिळतो. मग १९९४ साली 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास आला. बर्फाखाली पंधरा मिनिटांच्या आत सापडलेल्यांपैकी ९२ टक्के जगतात आणि पस्तीस मिनिटांनी हाच आकडा ३० टक्क्यांवर येतो, असं त्यात दिसलं. याचा अर्थ सरळ आहे. हेलिकॉप्टर येईपर्यंत उशीर झालेला असतो. तुम्हाला वाचवू शकतात ते फक्त बरोबरचे मित्र.

स्नोबोर्डची गोष्टही थोडक्यात सांगतो. १९६५च्या नाताळात मिशिगनमधल्या शर्मन पॉपेन यांनी मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडल्या. त्यातून पुढे स्नोबोर्ड आला. पण एका फळीवर उभं राहून डोंगर चढता येत नाही. म्हणून १९९०च्या दशकात हीच फळी मधोमध कापून चढताना दोन, उतरताना एक, अशी सोय झाली. त्यामुळे स्नोबोर्डवालेही वाटाड्याशिवाय, आपापल्या दोस्तांबरोबर, दूरच्या उतारांवर पोहोचू लागले. मित्रांचा गट हेच या खेळाचं नेहमीचं रूप झालं.

आणि इथेच एक अडचण उभी राहिली. गट मित्रांचा, सगळे बरोबरीचे. मग "थांबा" म्हणायचं कुणी?

२००४ साली इयान मॅकॅमन या अमेरिकी अभ्यासकाने १९७२ ते २००३ या काळातले, हौशी लोकांचे ७१५ हिमस्खलन अपघात तपासले. धोक्याची चिन्हं बहुतेक वेळा समोर दिसत होती. प्रशिक्षण घेतलेली माणसंही त्यात सापडली होती. मग चुकलं कुठे? त्याने काही सापळे मांडले. उतार ओळखीचा आहे, म्हणून निर्धास्त होणं. ठरवलंय ना, मग पुरं करायचंच, हा हट्ट. चारचौघांत कमी पडू नये ही धडपड. गटातल्या जाणत्याच्या मागे डोळे मिटून जाणं. इतर लोक गेलेत, म्हणजे ठीकच असेल, ही समजूत. आणि ताज्या बर्फावर पहिली रेघ आपली असावी, ही ओढ. बघा, यातला एकही सापळा बर्फातला नाही. सगळे माणसांतले आहेत.

धुक्यात हे सापळे आणखी घट्ट होतात. वाऱ्याने रचलेला बर्फ दिसत नाही, पुढे आलेली हिमाची कड दिसत नाही. म्हणून जाणकार बर्फाचा गोळा पुढे फेकतात. तो कुठे पडतो त्यावरून उताराचा अंदाज घेतात. झाडांच्या कडेने जातात, होकायंत्र आणि उंचीमापक बघतात. पण काहीच दिसत नसताना माणूस बहुधा दुसऱ्या माणसाकडेच बघतो आणि त्याच्या शांत चेहऱ्यावरून ठरवतो, की सगळं ठीक आहे. तो दुसराही आपल्याचकडे बघत असतो, बरं का!

एप्रिल २०१८च्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये, शामोनी ते झेरमाट या प्रसिद्ध स्कीमार्गावर, दोन गटांतल्या चौदा जणांना वादळाने आणि धुक्याने गाठलं. विन्येत नावाची निवाऱ्याची कुटी काहीशे मीटरवर होती, पण दिसली नाही. त्यांनी रात्र उघड्यावर काढली. सात जण वाचले नाहीत. त्यांना दोष द्यायला आम्ही हे सांगत नाही. चांगली साधनं असलेल्या आजच्या काळातही धुकं किती जवळची गोष्ट लपवतं, एवढंच लक्षात घ्यायचं.

आज हिमस्खलनाच्या वर्गांत एक साधा नियम शिकवतात. गटातल्या कुणीही एकाने नको म्हटलं, की सगळ्यांनी परत फिरायचं. कारण विचारायचं, पण वाद घालायचा नाही. निघण्याआधी, ऊन असताना, चहा पिता पिता हे ठरवून टाकायचं. शंभर वर्षांत उपकरणं किती बदलली ते आपण पाहिलं. हा नियम मात्र फार उशिरा सुचला, कारण त्याला लागतो तो फक्त थोडा मोकळेपणा, आणि तो दुकानात मिळत नाही.

आमचा तो नवखा मित्र आजही म्हणतो, की त्या दिवशी आपली लाज वाटली. आम्ही त्याला सांगतो, की त्या दिवशी डोंगरावर खरं बोलणारा तू एकटाच होतास. आता निघताना पहिला प्रश्न आम्ही त्यालाच विचारतो, "काय रे, जायचं ना?" आणि त्याने नाही म्हटलं, की पिशव्या खाली ठेवतो.